शेठची गावपळण

दर तीन वर्षांनी देवाचा कौल मिळाला की सारा गाव गुराढोरांसकट तीन दिवस वेशीबाहेर झोपड्यांत राहायला जातो. आत कुत्रंसुद्धा उरत नाही. हीच गावपळण.

यंदा गावात धुरीशेठचं रिसॉर्ट उभं होतं. "मी आता गावचाच," असं सभेत सांगून त्याने झऱ्याचं पाणी रिसॉर्टच्या नळांत आणि पोहायच्या तलावात वळवलं होतं. एका कोंबडीवड्याच्या जेवणावर म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या, आणि त्याच झऱ्याच्या पाटावर जगणाऱ्या, खालच्या वाडीतल्या वैजूच्या पोफळी सुकायला लागल्या.

मानकरी तात्या हात जोडून म्हणाले, "शेठ, तीन दिवस कुलूप घाला."

"खोल्या भरल्यात. तुमची रूढी गावकऱ्यांना. मी बाहेरचा!"

तात्या जोडल्या हातांनीच माघारी वळले. देवापेक्षा त्यांना शेठचीच भीती जास्त. तेवढ्यात वैजू पुढे आली.

"बाहेरचे का? मग गावच्या झऱ्याचं पाणी कसं चालतं तुम्हाला?" तिने सर्वांदेखत रिसॉर्टकडे जाणाऱ्या पाइपाचा कॉक बंद केला.

रिसॉर्टचे नळ कोरडे पडले, आणि तासाभरात शेठ पाहुण्यांसकट वेशीबाहेर झोपडीत! लोक पोट धरून हसले. तीन दिवस वैजूच्या पाटात पाणी खळखळलं.

गाव परतला. घरची चूल पेटवण्याआधी तात्यांनी कॉक उघडला.

"तात्यानूं, ह्या काय करतास?" वैजू धावत आली.

"अगो, शेठ पळणीक इलो मा? म्हणजे तो गावचोच. तूच तर ठरवलंस!"

म्हाताऱ्यांची अक्कल चालली ती नेमकी इथे.  पाटात उरलेलं पाणी वैजू ओंजळीने पोफळींना घालत राहिली.