बर्फातले काटेझाड

एका राज्यात हिवाळा आला आणि सात वर्षे गेलाच नाही. राजा वज्रबाहूने एका मांत्रिकाला दरबारातून हाकलले होते, त्याचा हा शाप. ईडलिंबू, महाळुंग, कागदी लिंबू, साऱ्या बागा थंडीने जळाल्या. राजकन्या अंशुमती पलंगावर गोठून पडली. बर्फात वाढलेल्या लिंबाचा रस जिभेला लागला तरच ती उठेल, असे मांत्रिक सांगून गेला. आता तिचा श्वास आरशावरही उमटेना.

तेव्हा बागेचा म्हातारा माळी म्हाळोजी निघाला. लिंबू शोधायला गेलेले घोडेस्वार परतले नाहीत, हा काठी टेकत काय आणणार, म्हणून दरबारी हसले.

तिसऱ्या डोंगरावर गुडघाभर बर्फात एक झुडूप उभे होते. फांद्या हिरव्यागार, काटे बोटाएवढे, पाने तीन-तीन दळांची. भोवती दगड झालेली माणसे, सगळ्यांचे हात जोडलेले. शेंड्यावर पांढरा भारद्वाज बसला होता.

पक्षी म्हणाला, "म्हातारबा, तीनदा बघ, एकदाच सांग. हे झाड कोणते? चुकलास तर या रांगेत उभा राहशील."

त्रिदळ पाहून म्हाळोजीचेही हात जुळू लागले. बेलाचे नाव ओठावर आले. पण पान चुरगाळल्याशिवाय झाडाचे नाव घ्यायचे नाही, ही माळ्याची रीत. देवाचे पान असेल तर पाप माझ्या माथी, असे मनाशी म्हणून त्याने पान चुरगाळले. लिंबाचा वास आला. देठ पाहिला. दोन्ही कडांना हिरवी पट्टी होती, ईडलिंबाला असते तशी. मग फळ तोडले. बेलाचे कवच लाकडासारखे. याची साल मऊ, तिच्यावर बारीक लव. सोलले तर आत फोडी.

"हा बेल नव्हे. लिंबाच्या कुळातले रानझाड आहे."

"एवढे सरदार चुकले. तू कसा चुकला नाहीस?"

"ते पाया पडले. मी वास घेतला."

भारद्वाजाने पंख झटकले. दगडांना श्वास फुटला, माणसे अंगावरचे बर्फ झाडू लागली.

महालात राजाने फळात विष असेल काय, असे विचारले. म्हाळोजीने आधी स्वतः एक फोड खाल्ली. मग राजकन्येच्या जिभेवर रस पिळला. तिच्या कपाळाला आठी पडली. छपरावरचे बर्फ सुटून अंगणात कोसळले, खिडकीतून ऊन आत आले.

"कडू आहे," अंशुमती म्हणाली. "गूळ द्या."

कोणा दासीला न सांगता राजा अनवाणी मुदपाकखान्याकडे धावला.