तांबडीचा पिस्टन

मोटारसायकली अजून एकमेकींशी बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. दस्तगीर मिस्त्रींच्या गॅरेजात तांबडी आणि निळी या एकाच बनावटीच्या दोन म्हाताऱ्या गाड्या शेजारी उभ्या असत. निळीला चिखलातल्या शर्यतीत पुन्हा एकदा धावायचं होतं.

जुन्या गाडीचे भाग बाजारात मिळेनात, म्हणून मिस्त्रींनी तांबडीच्या क्लच प्लेटा काढून निळीला बसवल्या, मग गिअरही. तांबडीने तेही सोसलं. पण पिस्टनला हात लागताच ती कळवळली, "धावणं तर गेलंच माझं. निदान सुरू तरी होऊ द्या! पिस्टन गेला, की माझा आवाजच गेला."

मिस्त्री थबकले. "निळे, स्वतःच्या पिस्टनवरही तू धावशील, फक्त पहिली येणार नाहीस. काय करू?"

निळी खाली बघत म्हणाली, "काढा."

निळी पहिली आली. चिखलाने माखलेली ती गॅरेजात शिरताच ओरडली, "ताई, आपण जिंकलो!"

तांबडी गप्पच होती.

"मिस्त्री, तिचा पिस्टन तिला परत द्या."

"तो आता तुझ्या मापाने झिजलाय गं. तिला बसायचा नाही."

मिस्त्रींनी बक्षिसाचा हार हँडलला अडकवला, तरी निळी तांबडीकडेच बघत राहिली.