नारोपंतांचे कपाट आणि काजळी म्हैस

साकुरडी नावाच्या गावात नारोपंत म्हणून एक गृहस्थ राहत होते, आणि त्यांना पसारा म्हणून डोळ्यांसमोर नको असे. ताटातली कोशिंबीरसुद्धा ते आधी सरळ रेषेत लावत आणि मग खात.

गावात जाणती माणसे पुष्कळ होती. पण कुणी गाव सोडून जाई, कुणी जगच सोडून जाई, आणि त्याची विद्या त्याच्याबरोबर जाई. नारोपंतांना याची फार हळहळ वाटे. मग ते घरोघर हिंडले. ज्याला जे येत होते ते त्याच्याकडून ऐकून चिठ्ठ्यांवर लिहून घेतले आणि चावडीत एक भलेमोठे खणांचे कपाट उभे केले. काम खरोखर मोलाचे होते. गावाने पंतांना शाल दिली आणि पाठ असलेले सगळे विसरायला सुरुवात केली. कपाटात आहे, मग डोक्यात कशाला?

चिठ्ठ्या लावायचा पंतांचा नियम एकच होता आणि तो कडक होता. गोष्ट ज्याची बनते, त्याच्या खणात तिची चिठ्ठी. पुरणपोळी 'डाळी'त. घागरीची गळती बुजवायची युक्ती 'माती'त. अंगाईगीते 'लाकडा'त, कारण पाळणा लाकडाचा! 'गुरे' या खणात शेणाने सारवायची रीत आणि चामड्याचा चाबूक वळायची कृती. कुणाला चिठ्ठी सापडली नाही, की पंत चष्म्यावरून बघत म्हणत, "आधी नियम शिका, मग खण उघडा." बिचारा माणूस कान पाडून घरी जाई. पंतांना वाटे, मांडणी अचूक आहे, लोकच आळशी आहेत.

थंडीचे दिवस होते. एका सकाळी पंतांची लाडकी म्हैस काजळी दावे तोडून शेजारच्या शेतात शिरली आणि दवाने भिजलेला कोवळा हरभरा तिने पोटभर खाल्ला. पोटभर म्हणजे अगदी गळ्यापर्यंत. तिला गोठ्यात परत आणले, तर थोड्याच वेळात तिची डावी कूस नगाऱ्यासारखी फुगली. ती उठेना, रवंथ करेना, नुसती कण्हू लागली.

पंतांच्या पत्नी सगुणाकाकू धावत चावडीवर आल्या. "अहो, काजळी जाते की काय! मल्हारी धनगराला बोलवा!"

गुरांच्या दुखण्यांतला तोच एक जाणकार. पण तो मेंढरे घेऊन कधीच घाट उतरून गेला होता. तरी पंत हसले. "घाबरू नकोस. त्याचा उपाय मी लिहून ठेवलाय. कपाटात आहे."

आणि एवढे बोलून त्यांनी मोठ्या रुबाबात 'गुरे' हा खण ओढला. आत शेण आणि चाबूक.

पंतांचा हात तिथेच थांबला. नियम त्यांचा, कपाट त्यांचे, अक्षरही त्यांचेच. पण या घडीला त्यांच्या डोळ्यांपुढे नियम नव्हता, काजळी होती. तो उपाय कशाचा बनतो, हे काही केल्या त्यांना आठवेना.

एव्हाना गाव गोळा झाले होते. सगुणाकाकूंनी 'धान्य' उघडले, कारण म्हशीने हरभरा खाल्ला होता. भिवा कुंभाराने 'वारा' उघडला. "पोटात वाराच धरलाय की, पंत!" शेजारच्या ठकूबाईने 'तेल' धुंडाळले, कारण तिच्या गाईला मागे तेल पाजले होते. कुठेच काही नाही.

ठकूबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "पंत, म्हस मरंल, पर तुमचा नेम मरायचा न्हाई! करा समदे खण उपडे!"

पंतांनी कपाटाकडे पाहिले. किती वर्षे खपून लावलेली ती मांडणी! एकही चिठ्ठी तिरकी नव्हती. एकदा उपडे केले, की पुन्हा सारे पहिल्यापासून. एवढ्यात गोठ्याकडून काजळीचे कण्हणे ऐकू आले.

पंतांनी पहिला खण स्वतःच्या हातांनी उपडा केला.

मग काय विचारता! चावडीभर चिठ्ठ्यांचा खच पडला. ज्यांना वाचता येत होते ते जमिनीवर बसून वाचू लागले, बाकीचे चिठ्ठ्या पुढे सरकवू लागले. मध्येच एक जण पुरणात जायफळ किती घालावे हे मोठ्याने वाचत बसला, तेव्हा चौघे त्याच्यावर खेकसले. अखेर सगुणाकाकू ओरडल्या, "सापडली! 'झाडे' खणातली आहे. कडुनिंबाची काठी!"

पंतांनी कपाळावर हात मारला. उपाय काठीचा, काठी झाडाची. नियमात अगदी चोख बसत होते.

भिवाने जाड ओली काठी तोडली. मल्हारीने सांगितले होते तसे म्हशीला उठवून तिचे पुढचे पाय उंचवट्यावर घेतले आणि काठी तोंडात लगामासारखी आडवी बांधली. काजळी काठी चघळू लागली, लाळ गाळू लागली. आणि मग तिने असा काही ढेकर दिला, की गोठ्यातल्या कोंबड्या फडफडत बाहेर पळाल्या. सारे गाव खो खो हसले. पंत मात्र म्हशीच्या गळ्यात पडून रडले, आणि त्याची त्यांना मुळीच लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या पुन्हा लावायला लोक आपण होऊन आले. पंतांनी भिवाला विचारले, "काल तू कुठला खण उघडला होतास?"

भिवा चाचरला. "चुकलं पंत. म्या वाऱ्याचा..."

"तू नाही चुकलास. तू अगदी बरोबर ठिकाणी आलास, तिथं माझीच चिठ्ठी नव्हती."

मल्हारीची चिठ्ठी पंतांनी 'झाडे' खणातच ठेवली. शेवटी नियम तो नियम! पण 'गुरे', 'धान्य', 'वारा' आणि 'तेल' या खणांत त्यांनी एकेक छोटी चिठ्ठी टाकली: "म्हशीचे पोट फुगले असेल, तर 'झाडे' हा खण बघा."

तेव्हापासून कुणी भलताच खण उघडला, तरी पंत कुणाला नियम शिकवत नसत. ते विचारत, "काय हवं होतं?" आणि दौत पुढे ओढून त्या खणासाठी नवी चिठ्ठी लिहायला घेत.

तात्पर्य: ज्ञान नीट लावून ठेवावे, पण ते लावणाऱ्याच्या नव्हे, शोधणाऱ्याच्या सोयीने, आणि शोधणारा जिथे चुकतो, तिथे त्याला बोल न लावता वाट दाखवणारी खूण लावावी.