गोजरामावशीचा भाऊ

खूप खूप वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा जनावरं माणसांशी बोलायची आणि माणसंही ऐकून घ्यायची. आता कुणाला वेळ आहे?

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात गोजरामावशी राहायची. तिला सख्खा भाऊ नव्हता, चुलतही नव्हता. आणि जिला भाऊ नाही, तिनं भाऊबिजेला चंद्राला ओवाळायचं, ही आपली रीत तुम्हाला ठाऊकच आहे. मावशी दरवर्षी न चुकता ओवाळायची. पण हल्ली तिला डोळ्यांनी जेमतेम दिसायचं.

त्या वर्षी रानडुकरांनी गावची सगळी वावरं उकरून ठेवली होती. राहिला होता फक्त मावशीचा रताळ्यांचा तुकडा. तोही गेला, तर हिवाळाभर तिनं खायचं काय?

भाऊबिजेला दिवेलागणीच्या वेळी ती ताट घेऊन वावरात आली. आभाळ भरलेलं होतं, चंद्राचा पत्ता नव्हता. बांधावर मात्र एक साळिंदर बसलं होतं, मावशीचंच रताळं खात. पाऊल वाजताच त्यानं पाठ फुगवली आणि पांढऱ्या काट्यांची एक वाकडी रेघ उभी राहिली. मावशीला वाटलं, आली बिजेची कोर. आज फारच खाली उतरलीय बाई.

"दादा," ती म्हणाली, "आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. यंदा माझं एवढं वावर राख."

तिनं निरांजन ओवाळलं, अक्षता टाकल्या आणि ओवाळणीसाठी ताट पुढे धरलं.

साळिंदर गोंधळलं. त्याच्याकडे लोक दगड घेऊन यायचे, निरांजन घेऊन कुणी आलं नव्हतं. समोरचं ताट पाहून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. देणार काय? तोंडातलं अर्धं रताळं त्यानं हळूच ताटात ठेवलं.

मावशीनं ते चाचपलं. ओलं होतं, दातांच्या खुणाही होत्या.

"चोरा," ती म्हणाली, "माझंच रताळं मला घालतोस होय रे?"

"चुकलं, ताई. जातो मी."

मावशीनं हाक मारली असती, तर गाव काठ्या घेऊन धावलं असतं. तिला राग आलाच होता, खोटं कशाला सांगू? पण ती म्हणाली, "जातोस कुठं? ओवाळून झालंय. ओवाळलेलं काही परत घेता येत नाही. आता तू माझा भाऊ."

तेवढ्यात झाडीतून डुकरं घुसली. साळिंदराचं बीळ दोन पावलांवर होतं, पळता आलं असतं. तरी ते डुकरांकडे पाठ करून उभं राहिलं, शेपटीचे काटे खुळखुळवले आणि उलट्या पावलांनी थेट त्यांच्यावर धावून गेलं. पुढच्या डुकराच्या नाकात चार काटे घुसले. ते केकाटत पळालं आणि त्याच्यामागे बाकीची.

सकाळी शेजारणी विचारू लागल्या, "तुझंच वावर कसं गं वाचलं?"

"भावानं राखलं."

"तुला कुठला आलाय भाऊ?"

रताळी काढली तेव्हा पहिली टोपली मावशीनं बांधावर नेऊन ठेवली. त्यानंतर साळिंदरानं त्या वावरात कधी चोरी केली नाही. बहिणीच्या घरी कुणी चोरी करतं का?

बाळांनो, ज्याला आपण मनापासून आपलं म्हणतो, त्याला आपलं होऊन दाखवावंसं वाटतं.