सिंहाच्या जबड्यातलं घरटं

फार वर्षांपूर्वी एका गावात काळ्या दगडाची, उंच कमानीची शाळा होती. कमानीवर एक दगडी सिंह जबडा उघडून बसलेला असे. पाहुणे यायचे ते तडक सभागृहात, तिथली मोठमोठी तैलचित्रं बघायला. सिंहाकडे मान वर करून कुणी बघत नसे, आणि ते त्याला फार लागायचं.

एके दिवशी एक चिमणी आली. "सिंहदादा, तुमच्या जबड्यात घरटं बांधू का? सभागृहाच्या भिंतीतली भोकं परवाच बुजवली. अंडी घालायची वेळ झालीय, आता जाऊ कुठे?"

"वेडी की काय!" सिंह गुरगुरला. "आधीच मला कुणी विचारत नाही. तोंडात गवत दिसलं तर लोक हसतील."

चिमणी वाऱ्यात कुडकुडत तिथेच बसून राहिली. शेवटी सिंहालाच राहवेना. "बरं बाई, ये आत," तो म्हणाला.

पुढे पिल्लं झाली. एका सकाळी प्रार्थना संपली आणि सिंहाच्या जबड्यातून चिवचिवाट सुरू झाला. अख्खी शाळा वर बघून खो खो हसली. सिंह शरमेनं चूर झाला.

पण मुलं काही केल्या तिथून हलेनात! दुसऱ्या दिवशी चित्रकलेचे हर्षे सर सगळा वर्गच घेऊन कमानीसमोर बसले.

"सर, माझा सिंह हसराच येतोय," रेवती कुरकुरली. "खोडू का?"

सरांनी वर निरखून बघितलं.

"कशाला? हसतोयच की तो!"