पौर्णिमेचे खेकडे

"मसाला जमला का, आक्का?"

प्रमिलानं तिसऱ्यांदा विचारलं. येसूआक्का नांगी चोखण्यात दंग होत्या.

चाळीस वर्षं खाडीकाठच्या लग्नांतल्या हळदींची जेवणं आक्कांनीच रांधली. प्रमिला त्यांच्या हाताखाली तीन वर्षं शिकली, आणि शिकता शिकता जरा चढलीही. खोटं कशाला बोला, तिच्या हाताला चव होतीच. उद्या पौर्णिमेला तिची स्वतःची खानावळ उघडायची होती. भटजींनी मुहूर्त काढून दिला होता, पाटीसुद्धा रंगवून झाली होती. पण आक्का 'हो' म्हणाल्याशिवाय चूल पेटवायची नाही, असं तिनं मनाशी धरलं होतं.

म्हणून आज घरीच बेत केला. मोठ्या पातेल्यात खेकडे, कोळंबी, मक्याची कणसं आणि बटाटे उकडले. त्यात स्वतः भाजून कुटलेला मसाला, अठरा जिन्नसांचा. पाणी काढून सगळं केळीच्या पानावर ओतलं, तेव्हा शेजारीण वास घेत दारापर्यंत आली होती.

आक्कांनी बोटं चाटली. दुसरा खेकडा घेतला, तोही संपवला.

"मसाल्यात त्रिफळं बिया काढून घातलीस?"

"हो."

"छान."

प्रमिलाचा जीव भांड्यात पडला.

मग आक्कांनी तिसरा खेकडा उचलला.

"हात पुढे कर."

तिनं केला. आक्कांनी खेकड्याची पाठ उघडली आणि तिच्या तळव्यावर उपडी केली. नुसतं पाणी पडलं. तांबडं, खमंग पाणी.

पौर्णिमेकडे खेकडा पोकळ आणि अवसेकडे भरलेला, हे खाडीकाठचं शेंबडं पोरही सांगेल. प्रमिलाला काय ठाऊक नव्हतं? सकाळी बाजारात खेकडा उचलला तेव्हाच तो हाताला हलका लागला होता. मसाला सांभाळून घेईल, असं म्हणत तिनं पिशवी भरली होती. आता तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला वाटलं, कळणार नाही," ती खालच्या आवाजात म्हणाली.

"नाहीच कळलं."

"...आक्का?"

"दोन खेकडे खाल्ले मी. दोन्ही पोकळ. चोखत बसले, आत मांस नाही हे ध्यानातही आलं नाही. मला, येसूला."

"म्हणजे मसाल्यात काही कमी नाही?"

"काही नाही. तेच वाईट झालं. पोकळ खेकडा खपवायची सवय लागेल तुला."

...

प्रमिलाच्या बोटांमधून पाणी निथळून गेलं, तरी हात तसाच पुढे होता.

"मग खानावळ उघडू तरी कधी?"

"अवसेला."

"अवसेला? नवी चूल, आणि अवसेला पेटवू? लोक काय म्हणतील, आक्का?"

आक्कांनी पानावरचा बटाटा उचलला. त्यावर हळूच फुंकर घातली.

"काही नाही म्हणायचे. तोंड भरलेलं असेल त्यांचं."