घरट्याच्या नळीची दुरुस्ती

पाखरांचीही सभा भरत असे त्या काळी नदीकाठच्या सुगरणींनी घरट्यांचे आदर्श नियम रचले. घरट्याखाली लोंबणारी प्रवेशाची नळी वीतभर लांब असावी, हा त्यांतला मुख्य नियम. डोंगरातल्या रानाने ते नियम स्वीकारले. मात्र स्थानिक दुरुस्त्यांसाठी सभापती भारद्वाजाने सर्वांच्या सूचना मागवल्या.

धामण नम्रपणे म्हणाली, "सभापती महाराज, आपल्याकडे गवत कमी. गरीब पाखरांवर एवढ्या लांब नळीचा भार कशाला?"

सभा गहिवरली. नळी बोटभरच असावी, असे ठरले.

"अहो, ती नळी कुणाला अडवायला असते, ते तरी तिला विचारा!" रानातली सुगरण ओरडली.

"हरकतींची मुदत संपली, बाई."

पावसाळ्यात धामणीने सुगरणीची सगळी अंडी गिळली. सुगरण जाब विचारायला सभेत आली.

"घरटे नियमाप्रमाणे होते ना?" भारद्वाजाने विचारले.

"अगदी तंतोतंत."

"मग सभेचा काय दोष?"

सुगरणीने संतापाने नवे घरटे विणले आणि त्याला वीतभर नळी लावली. त्या बेकायदा बांधकामाची तक्रार धामणीने केली, आणि सभेने ती तत्काळ दाखल करून घेतली.